गाडीचं शेपूट आणि साहेबांचं वजन

“पोट आत ओढू नका. गाडीला ते कळत नाही,” बाईसाहेब म्हणाल्या आणि हातात लाटणं घेऊन जीपच्या मागच्या चाकाशी उकिडव्या बसल्या.

अमरावतीच्या कॅम्प भागातला बंगला. सोमवारची सकाळ. जीपच्या मागच्या बाकावर आमचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर जोगळेकर साहेब मांडीवर फाइल उघडून बसले होते. चालू प्रकाराशी आपला काही संबंध नाही, असा चेहरा. स्टिअरिंगवर ड्रायव्हर शेषराव. त्याने नजर समोरच्या कडुनिंबावर खिळवली होती, आणि हसू दाबण्याच्या प्रयत्नात त्याचे कान हलत होते. मी टूरसाठी टूलबॉक्स घेऊन फाटकाशी उभा होतो.

बाईसाहेबांनी लाटण्याचं खालचं टोक टायरच्या माथ्यावर टेकवलं. मडगार्डची कड लाटण्यावर जिथे आली तिथे कुंकवाचं बोट लावलं. मागच्या आठवड्याची खूण शेजारीच होती. नवी खूण तिच्या खाली आली.

“मागच्या आठवड्यात वरूडला काय काय झालं?”

“कालव्याची पाहणी.”

“आणि?”

“आणि... एका बागाईतदाराकडे जरा पुरणपोळी.”

“जरा नाही,” लाटणं साहेबांच्या नाकासमोर धरून बाईसाहेब म्हणाल्या, “हे बघा. भरपूर.”

हा प्रकार काय होता, ते आधी सांगतो.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. मी एका सरकारी खात्यात मेकॅनिकल सुपरवायझर होतो. खात्याच्या जीप, ट्रक, रोलर सगळं माझ्याकडे. जोगळेकर साहेब पुण्याचे. माणूस हुशार, कामाला वाघ, आणि जेवणाला त्याहून मोठा. वऱ्हाडात बदली झाली तेव्हा नाक मुरडत आले होते म्हणे. पण पाटवडीचा रस्सा, रोडगे आणि वांग्याची भाजी एकदा पोटात गेल्यावर त्यांनी बदलीचा अर्ज मागे घेतला. पुढे त्यांचा घेर इतका वाढला की जीपच्या पुढच्या सीटवर बसले की गिअरचा दांडा मांडीत अडके. शेषरावला तिसरा गिअर टाकायचा असला की आधी “सायेब, माफी असो” म्हणावं लागे. शेवटी मी मागे एक रुंद बाक बसवून दिला.

आणि तिथून पुढचं सगळं घडलं.

जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसावर, दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्यांचे गठ्ठे असतात. गॅरेजमध्ये आम्ही त्यांना पाटे म्हणतो. पाटे म्हणजेच गाडीची स्प्रिंग. गाडीत वजन पडलं की पाटे दबतात, मागची बाजू खाली बसते. मागचं शेपूट खाली गेलं की पुढचं तोंड वर होतं, स्टिअरिंग हलकं लागतं, आणि दिवे रस्त्याऐवजी झाडांचे शेंडे दाखवतात. यावर जुना उपाय एकच. गठ्ठ्यात आणखी एक पाटा घालायचा. मग वजन असताना गाडी बसत नाही, पण रिकामी असली की बैल जुंपलेल्या लाकडी खाचरासारखी आदळते. मऊ स्प्रिंग ठेवाल तर शेपूट खाली, कडक ठेवाल तर कंबर ढिली. दोन्ही एकदम जमत नाही, असं आम्ही तोवर समजत होतो.

त्या वर्षी सेमाडोहकडे एका साइटवर चढ चढताना साहेबांना धाप लागली. मधेच एका दगडावर बसले, ओठ निळसर दिसत होते. बाईसाहेबांनी त्यांना थेट अकोल्याला नेलं. अकोला त्यांचं माहेर. वडील तिथले नावाजलेले वकील होते, आणि मामेभाऊ डॉक्टर. डॉक्टरांनी तपासलं आणि सरळ सांगितलं, “दिवाळीपर्यंत वजन उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर मी फिरतीला अनफिट म्हणून लिहून देईन. मग बसा टेबलावर.”

टेबलावर बसायचं, ही कल्पनाच साहेबांना सहन होईना. त्यांनी सगळ्या अटी कबूल केल्या. प्रश्न एवढाच होता की वजन मोजायचं कुठे? घरी काटा नाही. स्टेशनवर वजनाचं यंत्र होतं, पण एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर भर प्लॅटफॉर्मवर यंत्रावर चढणार आणि हमाल बघणार, हे साहेबांच्या इभ्रतीला परवडणारं नव्हतं. “दर वेळी अकोल्याला जाणं तर शक्यच नाही,” ते समाधानाने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेब जीपमध्ये चढले, जीप मागून खाली बसली, आणि बाईसाहेब आत जाऊन लाटणं घेऊन आल्या. वकिलाची मुलगी. पुरावा डोळ्यांसमोर उभा होता, तो त्यांनी घेतला, इतकंच.

तेव्हापासून टूरला निघताना एकदा आणि परत आल्यावर एकदा मोजणी. खूण वर गेली तर संध्याकाळी वरणावर तूप. खाली आली तर कारलं. साहेब रडकुंडीला आले होते.

अशात आमच्याकडे ती परदेशी गाडी आली.

सर्व्हेसाठी काही परदेशी तज्ज्ञ आपल्याकडे येऊन राहिले होते. काम संपवून परत जाताना त्यांनी आपली फोर व्हील ड्राइव्ह गाडी खात्याला देऊन टाकली. दिसायला आपल्या जीपची सुखवस्तू चुलत बहीण. मी खाली सरपटत जाऊन पाहिलं तर मागे पाटे नव्हतेच. मऊ गुंडाळीच्या स्प्रिंगा होत्या, आणि मधोमध, अ‍ॅक्सल आणि चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, यांच्यामध्ये, लोणच्याच्या बरणीएवढं एक जाड नळकांडं बसवलेलं होतं. मला वाटलं, मोठा शॉकअ‍ॅब्सॉर्बर असेल.

शेषरावने ती गाडी पहिल्यांदा कामाला नेली आणि तासाभराने घामाघूम होऊन माझ्याकडे आला.

“वानखडे भाऊ, या गाडीत कायतरी हाय.”

“काय आहे?”

“म्या सिमिटाच्या थैल्या भरल्या. गाडी मांगून बसली, बरोबर? निंगालो. थोड्या वेळानं पायतो तं गाडी सरळ! मले वाटलं थैल्या पडल्या रस्त्यात. उतरून पायलं तं सगळ्या जागच्या जागी.”

“मग?”

“मंग काय? साइटवर थैल्या उतरवल्या तं गाडीनं शेपूट वर केलं ना भाऊ! बैलावानी! मजूर पयाले. अन चा पिऊन आलो तं पुन्हा आपली सरळ, जसं काई झालंच नाई.”

तज्ज्ञ मंडळी जाताना एक मॅन्युअल ठेवून गेली होती. मी ते दोन दिवस डिक्शनरी घेऊन वाचलं. त्यांच्या देशातल्या एका कारखान्याने ट्रायल म्हणून हे नळकांडं बसवलं होतं. नाव होतं सेल्फ लेव्हलिंग, म्हणजे आपलं आपण समतल होणारं.

युक्ती इतकी साधी होती की मला आधी राग आला, आपल्याला का नाही सुचली म्हणून. नळकांड्यात तेल आणि दाबाखालचा गॅस. आत सायकलच्या पंपासारखा एक दांडा. गाडी रस्त्यावर खालीवर होते तसा तो दांडाही खालीवर होतो. गाडी वजनाने बसलेली असेल, तर प्रत्येक धक्क्याबरोबर तो थोडं थोडं तेल दाबाच्या बाजूला ढकलतो. दाब वाढतो, शेपूट उचललं जातं. गाडी ठरल्या उंचीला आली की दांड्याच्या बाजूचं एक भोक उघडतं आणि जास्तीचं तेल मागे परत जातं. मग उचलणं बंद. वजन काढलंत की गाडी एकदम वर उडते, कारण आत दाब तसाच असतो. पण भोक उघडंच राहतं, तेल परतत जातं, आणि थोड्या वेळात गाडी पुन्हा जागेवर. ना इंजिनचा संबंध, ना बॅटरीचा. खड्डे हेच त्याचं खाद्य. मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं की साधारण मैलभर चालल्यावर गाडी सरळ होते. हे त्यांच्या रस्त्यांवर. आपल्याकडे त्याच्या बऱ्याच आधी होत होती.

मी हे सगळं साहेबांना मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. ते अर्धवट ऐकत होते. मग अचानक त्यांनी पेन खाली ठेवलं.

“म्हणजे वजन कितीही असलं तरी गाडी सरळच?”

“मर्यादेत, साहेब. पण हो.”

“सिमेंट असो की माणूस?”

“त्याला फरक कळत नाही.”

साहेब खुर्चीत मागे रेलले. कित्येक महिन्यांत त्यांच्या चेहऱ्यावर मी असं तेज पाहिलं नव्हतं.

“वानखडे, उद्यापासून माझ्या टूरला ही गाडी. जुनी जीप ओव्हरहॉलला घ्या. आणि नीट ओव्हरहॉल करा. घाई करू नका.”

माझं कन्फर्मेशन, म्हणजे नोकरीत कायम केल्याचा कागद, बरेच दिवस साहेबांच्या सहीसाठी पडून होतं. मी “बरं” म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंगल्यासमोर गाडी लागली. साहेब ऐटीत येऊन मागे बसले. आणि गाडी, त्या मऊ स्प्रिंगांमुळे, जुन्या जीपपेक्षा दुप्पट खाली बसली. बाईसाहेबांनी लाटणं लावलं आणि त्यांच्या तोंडून “अगं बाई!” एवढंच बाहेर पडलं.

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी बदली दिसली.

“नवी गाडी आहे, बाईसाहेब,” मी घाईघाईने म्हणालो. “हिच्या स्प्रिंगा मऊ आहेत. जुन्या खुणा हिला लागू नाहीत. आजची खूण पहिली धरा.”

हे खरंच होतं. त्यांनी लाटण्याच्या दुसऱ्या बाजूला नवी खूण केली आणि आम्ही निघालो. इर्विन चौकाच्या पुढे साहेबांनी गाडी थांबवली.

“हे काय होतं, वानखडे? सरळ राहते म्हणालात ना?”

“चालल्याशिवाय पंप चालत नाही, साहेब. आता उतरून बघा.”

साहेब उतरले तशी गाडीने शेपूट उडवलं. साहेब एकदम मागे सरकले. मग पुन्हा चढले, पुन्हा उतरले. एखादं पोर झोपाळ्यावर खेळावं तसं त्यांनी ते तीनदा केलं. शेवटी बाकावर बसून म्हणाले, “समजलं. चला वरूडला.”

वरूडला संत्र्याच्या बागा. तिथल्या मंडळींचं साहेबांवर प्रेम होतं, आणि साहेबांचं त्यांच्या स्वयंपाकघरांवर. त्या टूरमध्ये साहेब जे जेवले, ते पाहून शेषराव मला हळूच म्हणाला, “सायेब आज दिवाळीपर्यंतचं जेवून राहिले.”

शनिवारी परतलो. गाडी अर्थातच सरळ होती. बाईसाहेबांनी लाटणं लावलं. खूण चार बोटं वर! त्यांनी पुन्हा लावून पाहिलं. मग साहेबांकडे पाहून त्या इतक्या मनापासून हसल्या की मला कसंसंच झालं.

“अहो, एका टूरमध्ये एवढं?”

“मनावर घेतलं की होतं,” साहेब गंभीरपणे म्हणाले. “तू चहा टाक, मी एवढ्या सह्या करून आलोच.”

बाईसाहेब आत गेल्या. त्या दाराआड होताच साहेब चटकन उतरले, आणि गाडी उचलली जाऊन पुन्हा खाली बसेपर्यंत तिच्या मागच्या चाकापुढे छत्री उघडून उभे राहिले. आकाशात ढग नव्हता.

पुढे हीच पद्धत पडली. सोमवारी निघण्याआधी साहेब “इंजिन गरम करून येतो” म्हणून गाडीत बसून चौकापर्यंत चक्कर मारून येत. म्हणजे मोजणीच्या वेळी गाडी सरळ. शनिवारी परत येताना सरळच. उतरायच्या वेळी चहा आणि सह्या. घरात वरणावर तूप सुरू झालं. मग शिरा आला. साहेबांच्या शर्टाचं पोटावरचं बटण एकदा कचेरीतच तुटून टायपिस्टच्या टेबलावर जाऊन पडलं.

“किती दिवस चालन हे?” शेषरावने मला विचारलं.

“मले काय माहीत?”

“बाईनं मले विचारलं काल. सायेब तिकडं काय खातात म्हून.”

“तू काय सांगितलं?”

“म्या सांगतलं, बाई, मी समोर पाहून गाडी चालवतो. मांगं कोन काय खाते, मले काय माईत?”

मला वाटलं, शेषराव सुटला. तसं नव्हतं. बाईसाहेबांना त्या उत्तरातूनच हवं ते कळलं होतं. मागे काहीतरी खाल्लं जात होतं.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही परतलो. बाईसाहेबांनी लाटणं लावलं आणि खूण पाहिली.

“तू चहा टाक,” साहेब म्हणाले, “मी एवढ्या सह्या...”

“करा सह्या. चहा गडी टाकतोय.” बाईसाहेब व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. लाटणं मांडीवर आडवं.

साहेबांनी फाइल उघडली. सह्या करायला लागले. इतक्या सावकाश सह्या मी कुणाला करताना पाहिलं नाही. एकेक अक्षर वळवून. फाइल संपली.

“वानखडे, पेंडिंगची पिशवी द्या.”

मी दिली. चहा आला, गार झाला. साहेबांनी महिनोन् महिने अडकलेली बिलं, रजेचे अर्ज, टायरची मागणी, झाडूच्या खरेदीची मंजुरी, सगळं निकालात काढलं. खात्यात एवढं काम एका बैठकीत त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. बाईसाहेब हलल्या नाहीत. शेवटी पिशवीही संपली. साहेबांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“उतरता ना?” चाकाला पुन्हा लाटणं लावत बाईसाहेब गोड आवाजात म्हणाल्या.

साहेब उतरले. एक पाय खाली, मग दुसरा, जितकं हळू उतरता येईल तितकं हळू. पण यंत्राला लाजलज्जा नसते. पायाखालचा भार गेला तशी गाडी मागून उचलली गेली. मडगार्डची कड लाटण्याच्या टोकाच्याही वर गेली.

शेषरावने टोपी काढून तोंडावर धरली.

“तुम्ही उतरलात म्हणून तिला एवढा आनंद?” बाईसाहेब म्हणाल्या. मग आवाज बदलला. “वानखडे, इकडे या. काहून होते हे असं?”

त्या एरवी स्वच्छ पुणेरी बोलत. बोलण्यात अकोला बाहेर आलं की समोरच्याने जपून राहायचं, हे साहेबही जाणून होते. मी साहेबांकडे पाहिलं. ते कडुनिंबाकडे पाहत होते.

मी सांगितलं. तेल, गॅस, दांडा, भोक. बाईसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मधे दोनच प्रश्न विचारले, आणि दोन्ही नेमके.

“म्हणजे चालून आल्यावर मोजलं तर खूण नेहमी तिथेच?”

“हो.”

“मला वाटलंच. ज्या आठवड्यात मी मुद्दाम कारलं घालून पाहिलं तेव्हाही तिथेच, आणि वरूडला लग्न जेवून आलात तेव्हाही तिथेच. जो काटा कधी हलतच नाही तो काटा कसला?”

“वजन स्थिर झालं होतं, असं म्हणता येईल,” साहेब म्हणाले. अजून त्यांना वाटत होतं की हे हसण्यावारी नेता येईल.

बाईसाहेब हसल्या नाहीत. लाटणं त्यांनी पायरीवर ठेवलं.

“माझे वडील असंच म्हणायचे. तब्येतीचं विचारलं की एक विनोद. अकोल्याच्या कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी घेता घेता खाली बसले. लोकांना वाटलं, कागद शोधताहेत. ते उठलेच नाहीत.” मग त्या म्हणाल्या, “मला तुमच्या पुरणपोळीचा राग नाही हो. मी त्या खोट्या खुणेवर विसंबून तूप वाढत होते ना, खुशीत. माझ्या हाताने वाढत होते.”

मी आणि शेषराव रेडिएटरमध्ये पाणी आहे का ते बघायला गेलो. ते भरलेलंच होतं. तरी आम्ही बराच वेळ पाहत राहिलो.

मागून साहेबांचा आवाज आला, अगदी खालचा. काय बोलले ते ऐकू आलं नाही. पण नंतर बाईसाहेबांनी मला हाक मारली तेव्हा साहेब पायरीवर त्यांच्या शेजारी बसले होते. एवढ्या मोठ्या हुद्द्याचा माणूस पायरीवर बसलेला मी प्रथमच पाहिला.

“वानखडे, एक सांगा. चालून आल्यावर मोजलं तर खूण हलत नाही. पण हे उतरल्यावर गाडी किती उचलली जाते, ते यांच्या वजनावर आहे ना?”

मी एकदम थबकलो. आठवडेच्या आठवडे ते नळकांडं माझ्या डोक्यात होतं, आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

“हो. जितकं वजन उतरेल तितकी गाडी वर जाईल. आणि स्प्रिंगा मऊ आहेत, म्हणून फरक जुन्या जीपपेक्षा जास्त ठळक दिसेल.”

“मग हीच गाडी राहू द्या,” बाईसाहेब उठत म्हणाल्या. “जुनीपेक्षा चांगला काटा आहे. लाटणं मात्र लांब लागेल.”

साहेबांनी डोळे मिटले.

सोमवारी कचेरीत साहेबांनी मला बोलावलं. मी मनाची तयारी करूनच गेलो.

“तुम्हाला खोटं बोलता आलं असतं, वानखडे.”

“तुम्ही विचारलं असतं तर बोललो असतो, साहेब. बाईसाहेबांनी विचारलं.”

साहेबांनी पिशवीतून एक कागद काढून टेबलावरून माझ्याकडे सरकवला. माझं कन्फर्मेशन. खाली सुरेख, वळणदार, अक्षर न् अक्षर सुटं वाचता येईल अशी सही.

“शनिवारी कागद संपत आले होते,” साहेब म्हणाले. “जे हाताला लागलं त्यावर केली. आता जा, मला भाकरी खायची आहे.”

डबा उघडला. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक. परक्या गावच्या पाहुण्याकडे पाहावं तसे साहेब त्या डब्याकडे पाहत होते. पण खाल्लं सगळं.

पुढचे महिने सोपे नव्हते. वरूडच्या मंडळींना वाईट वाटलं. साहेब आपल्यावर नाराज आहेत, अशी त्यांची समजूत झाली. एकाने तर कोणी कान भरले का, याची माझ्याकडे चौकशी केली. साहेब ताटावर बसत, दोन घास खात आणि हात धुवायला उठत. तो उठतानाचा चेहरा पाहवत नसे. बाईसाहेबांनी आणखी एक अट घातली होती. साइट आली की गाडी अलीकडे सोडायची आणि पायी जायचं. साहेब कालव्याच्या कडेने पायी यायला लागल्यावर खरी पंचाईत कंत्राटदारांची झाली. गाडीतून न दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टी पायी चालणाऱ्याला दिसतात. आमच्या डिव्हिजनमध्ये त्या वर्षी कालव्यांची जितकी भिंत पाडून पुन्हा बांधली गेली तितकी कधी बांधली गेली नव्हती.

दर शनिवारी बंगल्यासमोर साहेब उतरत, गाडी शेपूट वर करी, बाईसाहेब मोजत. हळूहळू ते उचलणं कमी व्हायला लागलं. एका शनिवारी गाडी इतकीच उचलली गेली की शेषरावला वाटलं यंत्र बिघडलं. मी खाली जाऊन तपासलं. यंत्र ठीक होतं. वजनच उतरलं होतं. साहेबांना मी तसं सांगितलं तेव्हा ते व्हरांड्याकडे पाहत म्हणाले, “जरा मोठ्याने सांगा.”

दिवाळीच्या आधी अकोल्याला डॉक्टरांनी त्यांना खऱ्या काट्यावर उभं केलं, छाती तपासली, चार जिने चढायला लावले, आणि फिरती चालू ठेवायला परवानगी दिली. त्या दिवशी बाईसाहेबांनी स्वतः पुरणपोळी केली. एक. साहेबांनी ती पुरवून पुरवून खाल्ली.

यंत्र मात्र फार टिकलं नाही. मेळघाटच्या दगडगोट्यांच्या रस्त्यांवर त्या नळकांड्याने इतकं तेल पंप केलं की तेल अडवून धरणारी त्याची सीलं गेली. गाडी चालून आली तरी मागून बसलेलीच राहायला लागली. स्पेअर मिळायची सोय नव्हती. शेवटी लोहाराकडून जाड पाटे करून घेतले, अ‍ॅक्सलवर बसवले, आणि ती परदेशी गाडी आपल्या जीपसारखीच आदळायला लागली.

पुढे अनेक वर्षांनी असली नळकांडी बाहेरच्या देशांतल्या महागड्या फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांना कारखान्यातूनच यायला लागली. रिटायर झाल्यावर अशा जुन्या गाड्या माझ्याकडे यायच्या. मालकांची तक्रार एकच, गाडी मागून बसते, स्प्रिंग बदलून द्या. मी सांगायचो, आधी वजन टाका, खराब रस्त्यावर फिरवून आणा आणि मग उंची बघा. उचलली गेली तर यंत्र जिवंत आहे. नाही गेली तर यंत्र मेलं, त्यात बिचाऱ्या स्प्रिंगांचा दोष नाही. बहुतेकांना हे पटायचं नाही. ते स्प्रिंगा बदलायचे आणि पुन्हा माझ्याकडे यायचे.

साहेबांची बदली होण्याआधी वरच्या कचेरीने विचारलं, हे सेल्फ लेव्हलिंग खात्याच्या इतर गाड्यांना घ्यावं का, अभिप्राय कळवा. साहेबांनी मला समोर बसवून मजकूर सांगितला. भार वाहण्यास उत्तम. दिव्यांचा झोत रस्त्यावर राहतो. चालकास थकवा कमी. दुरुस्तीची सोय देशात नाही, हा दोष. मग ते थांबले, खिडकीबाहेर बघितलं, आणि म्हणाले, “शेवटी लिहा, सदर यंत्र विवाहित अधिकाऱ्यांच्या गाडीस बसवू नये.”

मी लिहून घेतलं. टाइप करायला देताना तेवढं वाक्य काढून टाकावं की काय, असं मनात आलं. पण साहेबांनी सांगितलेलं, आणि खोटंही नव्हतं. ठेवलं. महिन्याभराने वरून उत्तर आलं, अभिप्राय मिळाला, शेवटच्या मुद्द्याचा खुलासा करावा. साहेबांनी तो कागद वाचला आणि घरी नेला. खुलासा बाईसाहेबांनी सांगितला, मी टाइप केला, साहेबांनी सही केली. यंत्र भार झाकते, कमी करत नाही.

वरच्या कचेरीचं समाधान झालं असावं. पुन्हा काही विचारलं नाही.